दहा मोजेपर्यंत

लघवी अडवून धरण्यात आमच्या गल्लीतल्या बायकांचा हात साऱ्या म्हैसूर राज्यात कुणी धरला नसता. पहाटे अंधारात ओढ्याकडं जायचं, मग थेट दिवस बुडाल्यावर. शेजारच्या अक्कानं तुरीच्या खळ्यावर दोन दिवस धरलं होतं म्हणे. तिसऱ्या दिवशी ओढ्याला पूर आला. पूर मी पाहिलाय.

मी मात्र कच्ची निघाले. पहिलं लेकरू सव्वा महिन्यात गेलं, डोक्यावर लगेच घागर चढली आणि माझं अंग बाहेर येऊ लागलं. खोकलं की मांडीत गोळा लागायचा. पुन्हा दिवस गेले तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझी सासू, म्हणाली, "ह्ये तरी टिकीव, माय. न्हाईतर तुजा मामंजी दुसरी सून बघायलाय."

महिन्याकाठी भालकीहून नर्सबाई यायची. गुलबर्ग्याकडची, पण मराठी आमच्याहून साफ. माझी तक्रार ऐकून तिनं सांगितलं, "लघवी अडवताना आतून आवळतेस ना, तसं आवळायचं. दहा मोजायचे, सोडायचं. दिवसातनं चार-पाच वेळा. आतलं बळकट झालं की भार पेलतं."

तिची पाठ फिरताच अक्का खिदळली. "दहा? आगं, हिलाच चार दिस ठिवून घेऊ, आपण शिकवू!"

आत्याबाई मात्र विचारात पडली. "दहानं गुण येतोय, तर दिवसभर धरल्यावर बिदरचा बुरूज व्हईल की."

मलाही पटलं. पाणी घोटभर प्यायचं, पहाटेची फेरीसुद्धा चुकवायची. भाकरी थापता थापता माझे आकडे लाखावर जायचे. ओटीपोटात आग व्हायची. मला वाटे, बळ चढायलंय.

सातव्या महिन्यात हुडहुडी भरली. अशी, की खाटेबरोबर भिंत हलत होती. बैलगाडीतून भालकीला नेलं. मूल तिथंच झालं. रडलं नाही. यात वाढवून सांगण्यासारखं काही नाही.

नर्सबाई खाटेशी आली. "आवळून सोडत होतीस ना गं?"

"व्हय की. रोज दिवस बुडाल्यावर."

तिनं खाटेची दांडी घट्ट धरली. म्हणाली, "लघवी साठवायला नव्हतं सांगितलं, बाई. ती साठून आत जंतू झाले. त्यानंच ताप, त्यानंच कळा." दारात उभ्या आत्याबाईनं हे ऐकलं.

घरी आले तर परसात तुराट्यांचा आडोसा उभा. आत्याबाईनं एकटीनं बांधलेला. तिच्या बोटांत सली तशाच रुतून होत्या. सवतीचं कुणी काढलं नाही, निदान त्या महिन्यात.

भर दुपारी तिनं मला आत बसवलं आणि स्वतः बाहेर पहाऱ्याला राहिली. वाटेनं कुणी आलं की ओरडायची, "तिकडून जावा!"

थोड्या वेळानं हळूच विचारलं, "झालं का गं?"

माझं पोट फुटायला आलं होतं, पण उजेडात काही केल्या सुटेना.