गिअर मी काढलाच नव्हता

भूतखेत, अंगात येणं... असल्या गोष्टी कोणी काढल्या की मी सरळ उठून जायचो. ड्रायव्हर माणूस मी. गाडीत जे होतं ते नट-बोल्टमुळे होतं, एवढंच मानायचो. हे लिहायला इतकी वर्षं लागली त्याचं कारण मात्र वेगळं आहे — लाज.

बाहत्तर-त्र्याहत्तरचा सुमार असेल. काटोलच्या एका संत्रा व्यापाऱ्याची जुनी जीप मी चालवायचो. त्या दुपारी बायकोला, सुमनला, नागपुरात जरीपटक्याला तिच्या बहिणीकडे सोडायला निघालो होतो. नागपूर जवळ आलं. पुढे उतार आणि उताराखाली बंद रेल्वे फाटक. पाय उचलला तरी ॲक्सिलरेटर खालीच! इंजिन बोंबलायला लागलं. ब्रेक दाबला, गाडी आवरेना. क्लचचं पेडल सैल पडलेलं. गिअर दोन्ही हातांनी ओढला, न्यूट्रलला येईचना. तेवढ्यात रेल्वेची शिटी ऐकू आली...

आणि मी उडी मारली. किल्ली फिरवायचं सुचलं नाही. सुमनला हाक मारायचंही नाही.

कोपर-गुडघे फोडून उठलो, तर जीप फाटकापासून हातभर अंतरावर उभी! धावत गेलो. इंजिन किंचाळत होतं, पण गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मी किल्ली बंद केली.

सुमननं माझा दंड घट्ट धरला. "तुमी होते म्हणून वाचलो जी! कसे झटक्यात ते दांडे ओढले... अन् इतक्यात खाली उतरले कधी?"

तिला गिअर कोणता नि हँडब्रेक कोणता, हेही माहीत नव्हतं.

फाटकवाल्यानं मला बाजूला घेतलं. "काहून उडी मारली गा? बाईले एकटीले सोडून?"

"तिच्याजवळ... कोणी बसलं होतं का?"

"कोणीच नाही. तुमची सीट खाली होती. मी पाहूनच राहिलो होतो ना!"

पुढे प्रत्येक लग्नात, बारशात सुमन हे सांगायची — "आमचे हे जागचे हलले नाही!" लोक माझी पाठ थोपटायचे. मी खाली मान घालून चहा प्यायचो. त्यांना तो माझा साधेपणा वाटायचा.

मागच्या वर्षी सुमन गेली. त्या दुपारी तिच्या शेजारी कोण बसलं होतं, मला आजही कळलेलं नाही. पण तो मी नव्हतो, एवढं तिला सांगायला मला अख्खा संसार मिळाला होता.