जगदेवच्या भिंतीवरची फुली

कामरगावात तेव्हा कुजबूज होती, की शेषराव मिस्त्री सरकारला माणसं दाखवून देतो. दिवेलागणीला त्याच्या मोटरसायकलचा पिवळा उजेड ज्या भिंतीवर पडेल, खडूची फुली जिथं दिसेल, त्या घरच्या पुरुषाला जीप उचलणार. नसबंदीला!

शहात्तर सालचे, आणीबाणीचे दिवस. जीपची घरघर ऐकली की पिळदार मिशांचे गडी तुरीत शिरत. त्यात ही बातमी पसरवायला जगदेवची बायको गोजराबाई एकटी पुरेशी होती. भिंत तिच्याच घराची म्हणा.

शेषराव म्हणजे गावातला एकुलता मोटरसायकल मिस्त्री आणि पहिल्या नंबरचा भित्रा. पाल दिसली तरी हातातला पाना टाकून उठायचा. त्याच्याकडं फ्रान्सचा एक गोरा आला. इथंच घेतलेल्या बुलेटवर हिंडताना बैलगाडीवर आदळला, पुढचा दिवा फुटला. मोडक्या हिंदीत त्यानं समजावलं: गाडी बोटीनं घरी न्यायची आहे, तेव्हा दिवा आमच्या देशाच्या कायद्यात बसेल असाच कर. उजेड पिवळा हवा आणि खालचा झोत उजवीकडं पडायला हवा.

शेषरावनं नव्या काचेला आतून पिवळं वार्निश दिलं. झोत जुळवायला समोर पांढरी भिंत लागते. दुकानासमोर जगदेवची होती, दिवाळीला चुना मारलेली. दिव्याच्या उंचीवर त्यानं खडूनं फुली मारली, गाडी मागं घेतली, दिवा लावला. घरमालकाला विचारायचं तेवढं राहिलं.

चार लेकरांचा बाप जगदेव परसातून जो उडाला, तो तुरीत.

सकाळी शेषराव हॉटेलात टेकला आणि बाक रिकामा झाला. घरी बायकोनं, दुर्गाबाईनं, ताट आदळलं.

"खरं सांगा, कोणाकोणाचं नाव देलं?"

"कोणाचंच नाई व! मलेच तीन पोरी हायेत. पह्यलं मलेच नेतीन!"

"मंग फुली कायले मारली?"

फ्रान्सचा कायदा बायकोलाच पटेना, तिथं गावाला कुठून पटावा! संध्याकाळी माणसं काठ्या घेऊन दुकानापुढं उभी राहिली.

"बोल बे, अजून किती फुल्या मारतं?" गर्दीतला रामराव पुढं सरकला.

गोरा बिचारा हसून एकेकाला नमस्ते करत होता. इतक्यात वेशीकडून जीपची घरघर आली.

काठ्या जागीच पडल्या. आणि सगळ्यांच्या पुढं पळालं कोण? शेषराव! तुरीत घुसून तो पालथा पडला. अंधारून आलं होतं. बाजूनं एका हातानं त्याची मानगूट धरली.

"तूच ना मले दाखवून देलं?" जगदेव होता.

"अबे, तुले दाखवलं असतं त मी कायले इथं मरून राह्यलो असतो? छातीले हात लावून पाह्य!"

जगदेवनं हात लावला. आत धाडधाड चालली होती, त्याच्या स्वतःच्या छातीत चालली होती तशीच. त्यानं मानगूट सोडली.

"पाय आत घे. बाहेर दिसून राह्यला."

जीप थांबलीच नाही, सरळ मानोरा गावाकडं गेली. माणसं अंग झटकत बाहेर आली, पण एकमेकांकडं बघेनात. जगदेवच पुढं झाला. "चाल, तुयी फुली जुळव," म्हणाला आणि दिवा लागेस्तोवर भिंतीपाशी उभा राहिला. तरी गोजराबाईनं कुजबूज काही थांबवली नाही.

फुली दिव्याची उंची धरायला मारली होती. फ्रान्समध्ये तेव्हा वाहनांचा पुढचा दिवा पिवळा लागे आणि वाहनं उजवीकडून चालत. शेषरावनं कोणाचंही नाव कोणालाही दिलं नव्हतं.