बिनहमिंगचा एलिमिनेटर

ऐंशीच्या आसपास नागपुरात गिटार वाजवणारे फारसे नव्हते, आणि जे होते त्यांना एकमेकांच्या वाजवण्याला नावं ठेवण्यात मोठा आनंद वाटायचा. मीही त्यातलाच. अमक्याचा हात जड, तमक्याला ताल कळत नाही, असं रविवारभर चालायचं. एकमत असं आमचं कधी झालंच नाही. झालं ते एकदाच, आणि त्या एकमतापायी माझ्या मित्राच्या जिवावर बेतलं. धोका मला आधीपासून दिसत होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

आम्ही जमायचो शहरातल्या सदर भागात, एका वाद्यांच्या दुकानाच्या ओट्यावर. एका रविवारी मी तिथे हिरव्या रंगाचा, पुस्तकाएवढा एक डबा घेऊन गेलो. ते इको पेडल होतं. गिटार आणि अॅम्प्लिफायरच्या मधे जोडायचं, पायानं दाबायचं, की वाजवलेला सूर मागून पुन्हा येतो, मग आणखी पुन्हा, हळूहळू मंद होत. विलायती इको यंत्रं तेव्हा आमच्या ऐपतीबाहेरची होती. हा डबा कुठल्याशा अनोळखी जपानी कंपनीचा, स्वस्तातला. आमच्या ऑर्केस्ट्राच्या ड्रमरनं कलकत्त्याहून आणला आणि लीड गिटार माझ्याकडे म्हणून माझ्या हवाली केला. त्या दिवशी मी ओट्यावर जरा ताठच बसलो होतो.

सगळ्यांनी आळीपाळीनं वाजवून पाहिलं आणि मतं सुरू झाली. आमच्यात सर्वांत वडील होते एक ख्रिस्ती गृहस्थ. चर्च सुटलं की टाय न काढता थेट ओट्यावर यायचे. क्लबात गिटार वाजवून वाजवून केस पिकलेले. ते म्हणाले, "टेपवाला इको जिसने सुना है, उसको ये नहीं जमेगा. ऐसा लगता है कोई कंबल ओढ़के बात कर रहा है." बँकेतले एक जण हवाईयन गिटार वाजवायचे. त्यांचं म्हणणं, दोनदा सूर परत येतो तोवर सुरेख, तिसऱ्यांदा नुसता चिखल. रेल्वेतला एक जण म्हणाला, "स्वस्तातला आहे नं गा? मंग कुरकुर काहून करता? मस्त आहे."

माझा मित्र सर्वांत शेवटी बसला. तो नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतला, गिरणीत कामाला. त्याच्या वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, तेव्हा हा त्यांच्या खांद्यावर बसून ते सगळं पाहत होता, असं तो अभिमानानं सांगायचा. त्याची स्वतःची गायन पार्टी होती. भीमगीतं, सिनेमाची गाणी, लग्नात म्हणाल ते. आम्हा बाकीच्यांना गळा नव्हता. हा एकटाच असा होता की गिटार वाजवता वाजवता गायचा, ओठ माइकला लावून, डोळे मिटून. त्यानं दोन-चार सूर छेडले आणि थांबून ऐकत राहिला.

"माह्या मागं उभं राहून कोनीतरी गाऊन राहिलं असं वाटते गा," तो म्हणाला.

मागे कुणी नव्हतं, तरी मी वळून पाहिलं. सगळे हसले. त्याला मात्र तो डबा मनापासून आवडला होता, आणि त्यानं मागितला असता तर मला तेव्हाही नाही म्हणता आलं नसतं.

डब्याची एकच खोड होती, बॅटरी खायचा. दोन कार्यक्रमांत बॅटरी झोपायची आणि तशी बॅटरी नागपुरात दर वेळी मिळायचीही नाही. म्हणून सदरच्याच एका गल्लीतल्या रेडिओ मेकॅनिककडून मी एलिमिनेटर बनवून घेतला. म्हणजे भिंतीतल्या विजेवर पेडल चालवायचा छोटा डबा. आत ट्रान्सफॉर्मर होता. काम करायचा, पण घूंऽऽ असा आवाज यायचा. त्याला आम्ही हमिंग म्हणायचो. हमिंग म्हणजे आम्हा लोकांचा जन्माचा वैरी. त्यापायी आम्ही सगळ्यांनी आपापल्या अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगच्या पिना कधीच कापून टाकल्या होत्या. पीन कापली की हमिंग कमी होतं, हे आमच्यात जो तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवायचा. भलतीकडे आलेली वीज जमिनीत नेऊन सोडायचं त्या पिनेचं काम, पण ते विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही.

पुढच्या रविवारी ओट्यावर एकमत झालं. डबा झकास, हमिंग मात्र नको. मी मेकॅनिककडे गेलो. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ट्रान्सफॉर्मरच काढून टाकतो नं भाऊ. ना रहेगा ट्रान्सफॉर्मर, ना होगी हमिंग." चार दिवसांनी त्यानं काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी हातात ठेवली. लावून पाहिली. काही म्हणजे काही आवाज नाही. सूर असे मोकळे सुटायचे की मलाच माझं वाजवणं ऐकत राहावंसं वाटे. ओट्यावर सगळ्यांनी पाठ थोपटली. चर्चवाल्या काकांनीसुद्धा मान डोलावली, आणि ते सहसा कुणाला मान देत नसत.

आता माझी नोकरी सांगतो. मी एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. पोरांना वायरी जोडून द्यायच्या, मीटर पुसून ठेवायचे, हे माझं काम. ट्रान्सफॉर्मर काढला की भिंतीतली वीज आणि गिटारच्या तारा यांच्यामधला आडपडदाच गेला, हे न कळायला मी काही भाबडा नव्हतो. एका संध्याकाळी घरी दार लावून घेतलं आणि खिशातला टेस्टर गिटारच्या तारेला टेकवला. टेस्टरमधला इवलासा दिवा लागला.

मग प्लग काढला, उलटा करून लावला. दिवा लागला नाही. पुन्हा उलटा केला, लागला. म्हणजे दोन पिनांचा तो प्लग एका बाजूनं लावला तर सगळं ठीक, दुसऱ्या बाजूनं लावला तर तारांत जिवंत वीज. मी बायकोची नेलपॉलिशची बाटली घेतली आणि सुरक्षित बाजूला लाल ठिपका दिला. ठिपका वर राहिला की झालं. आपण फार हुशारी केली असं मी स्वतःला समजावलं.

पण खरं सांगायचं तर मनाला ते पटलं नव्हतं. बोर्डातल्या तारा कुणी उलट्या जोडल्या असतील तर ठिपका वर असूनही वीज तारांत येणार, हेही मला ठाऊक होतं. आमच्याच प्रयोगशाळेत असे दोन बोर्ड होते. म्हणून मी कार्यक्रमात लाकडी स्टुलावर बसून वाजवायला लागलो, पाय जमिनीला न टेकवता दांडीवर ठेवून. आमच्याकडे वाद्याजवळ चप्पल घालत नाहीत. स्टेजवर चढताना सगळे चपला खाली काढतात, मग अनवाणीच वाजवायचं. मी एकटा स्टुलावर चढून बसायचो. लोकांना ती स्टाइल वाटली. विचारलं की मी म्हणायचो, कंबर दुखते.

डबी फेकून का दिली नाही, हे कुणीही विचारील. फेकली असती तर हमिंग परत आलं असतं. ओट्यावरची ती वाहवा गेली असती. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी मी गप्प राहिलो, आणि आज ते लिहितानाही स्वतःची शिसारी येते.

मार्चमध्ये प्रॅक्टिकलच्या परीक्षा चालू होत्या. सकाळी साडेनऊच्या सुमारास मित्र सायकलवर कॉलेजच्या फाटकाशी आला. त्याच्या पार्टीला बेस्याला लग्नाचं काम मिळालं होतं. बेसा तेव्हा नागपूरबाहेरचं निव्वळ गाव होतं, शेतकऱ्यांचं. दुपारचं लग्न, जेवणानंतर गाणी.

"इको देतं का गा आजच्या दिवस? तुले तं परीक्षा आहे," तो म्हणाला. "पाटलाच्या घरचं लगन आहे. चांगलं वाजलं तं पुढचे दोन-तीन काम पक्के."

डबा माझ्या टेबलाच्या खणात होता. तो आणायला मी आत गेलो. हा गातो. हा ओठ माइकला लावतो. माइकवाल्यांच्या मशीनला अर्थिंग असतं, म्हणजे माइक जमिनीशी जोडलेला. एका हातात वीज आणि ओठांशी जमीन, हे कागदावर काढून दाखवलं असतं तर पहिल्या वर्षाच्या पोरानंही सांगितलं असतं काय होईल ते. मला ते सगळं त्या पन्नास पावलांत दिसलं. तरी मी डबा आणि डबी त्याच्या पिशवीत ठेवली.

"लाल ठिपका वर ठेवजो," मी म्हणालो.

"काहून?"

"हमिंग येते नाही तं."

हे मी म्हणालो. आतून परीक्षकांनी हाक मारली म्हणून पुढे काही बोलता आलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. हाक खरंच आली होती. पण ती येईपर्यंत माझ्याकडे बोलायला भरपूर वेळ होता.

तो दिवस मी कसा काढला ते विचारू नका. पोरं वायरी जोडत होती आणि मी घड्याळ बघत होतो. बारा वाजले, आता मंगलाष्टकं. एक वाजला, पंगत बसली असेल. दोनच्या सुमारास एका मुलीनं मीटरच्या तारा उलट्या लावल्या. काटा शून्याच्या मागे जाऊन अडला. मी तिच्यावर इतक्या जोरात ओरडलो की ती रडायला लागली. परीक्षक चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मी माफी मागितली. उठून सायकल काढावी आणि बेस्याला जावं असं वाटत होतं. गेलो नाही. नोकरीचं कारण होतं, आणि कारण असलं की माणूस जागचा हलत नाही.

चार वाजता ड्रमर स्कूटरवर आला. तो त्या दिवशी माझ्या मित्राच्या पार्टीत वाजवायला गेला होता. त्याचा चेहरा पाहिला आणि मी जिन्यातच खाली बसलो.

"आहे, जित्ता आहे," तो घाईनं म्हणाला. "पन लय वाईट झालं गा."

पहिलं गाणं सुरू व्हायचं होतं. मित्रानं तार छेडली, इको आला, लोकांनी माना वळवल्या. मग तो गायला पुढे झुकला. ओठ माइकला लागले आणि तो तिथेच चिकटला. डावा हात गिटारच्या मानेवर आवळलेला, सुटेना. अंग थरथरत होतं पण तोंडातून आवाज निघत नव्हता. लोकांना वाटलं अंगात आलं. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. ड्रमरनं खुर्ची उचलून माइकच्या स्टँडवर घातली तेव्हा तो सुटला आणि मागे पडला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बेस्याला गेलो. सामान अजून मांडवातच पडलं होतं, भीतीनं कुणी हात लावला नव्हता. डबी बोर्डातच होती. लाल ठिपका वर होता, अगदी सरळ. मी ती उपटली आणि बोर्डाच्या भोकात टेस्टर घातला. मांडववाल्यानं तारा उलट्या जोडल्या होत्या. तिथेच दगडावर ठेवून मी ती डबी फोडली. मग मेकॅनिककडे जाऊन त्याला असली डबी पुन्हा कुणालाही बनवून देऊ नको म्हणून बजावलं. त्याला कारण सांगितलं. सांगायचं तिथे सांगितलं नाही आणि नको तिथे सांगून आलो.

तिथून मी दवाखान्यात गेलो. वाटेत ठरवलं होतं, आज सगळं सांगून टाकायचं. वाक्यंही जुळवली होती.

तो कोपऱ्यातल्या खाटेवर होता. ओठ सुजून काळे पडलेले, डाव्या हाताला पंजाभर पट्टी. दोन बोटांची टोकं वाचणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे गिटार संपली. त्याची बायको उशाशी बसली होती. मला पाहून तो उठायला लागला. मी खांदा धरून त्याला निजवलं.

ओठ हलत नव्हते, तरी तो बोलला. एकेक शब्द लागत होता त्याला.

"माह्याच हातानं उलटं लागलं वाटते गा. तू तं सांगतलं होतं. तुह्या डब्याले काई झालं तं नाई?"

जुळवलेली वाक्यं माझ्या तोंडात होती. फक्त तोंड उघडायचं होतं.

"होते कधी कधी," मी म्हणालो.

त्यानं डोळे मिटले. त्याच्या बायकोला वाटलं मी नाराज आहे. ती उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्यासमोर हात जोडले.

"रागावू नका भाऊ त्यायच्यावर. तुमची महागाची वस्तू होती. यायनं काई मुद्दाम नाई केलं."

"नाही रागावलो, वहिनी," मी म्हणालो.

तिला हायसं वाटलं. तिनं थर्मासमधून कपात चहा ओतून माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि प्यायलो.