एका कॅन्टीनमध्ये चार प्रोजेक्ट

आधी नाव आगाशे सरांचं. ते स्टॅटिस्टिक्स शिकवतात, म्हणजे आकड्यांवरून खरं-खोटं ओळखायला शिकवतात. ते नसते तर मी गंज-पातेली टेम्पोत भरून केव्हाच वाशिमला परत गेले असते. हे लिहून झालं. आता बाकीचं सांगते.

ऐन जेवणाची वेळ होती. रांग दाराबाहेर गेली होती. भाजी संपत आली होती. आत एकही टेबल रिकामं होत नव्हतं. आणि माझ्याबरोबर काम करणारी रेखा पोळ्या लाटायच्या सोडून कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी होती. रेखा कात्रजच्या पलीकडच्या खेड्यातली. मनात आलेलं तिच्या तोंडातून निघतंच.

"अवं ताई, पोरं मीठ मागत्यात. देऊ का?"

"देऊ नको."

"का? मीठ काय सोन्याच्या भावानं मिळतंय व्हय?"

"असंच. नको म्हटलं ना."

"ताटं बारकी केली, मीठ बंद केलं. आता उद्या पाणी बी मोजून द्या!"

मी भाजी वाढत राहिले. बोलायचं नाही असा शब्द दिला होता. एकाला नाही, चौघांना.

विद्यापीठातलं हे लहानसं कॅन्टीन मी कॉन्ट्रॅक्टवर चालवते. शाळा आठवीत सुटली. नवरा हिंजवडीत एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत आहे. माझं कॉन्ट्रॅक्ट दर वर्षी नवं होतं, आणि ते करायचं की नाही हे कॅन्टीन कमिटी ठरवते. त्यामुळे कमिटीची मीटिंग जवळ आली की मलाच जेवण जात नाही. कॅन्टीनवालीचंच. अशा दिवसांत कोणी काही मागितलं की माझ्या तोंडून 'हो' निघतं. एक तर ज्या विद्यापीठाने मला आत घेतलं, तिथल्या पोरांना नाही कसं म्हणायचं? आणि दुसरं म्हणजे कोण कोणाचा ओळखीचा निघेल, काय सांगता येतं बाप्पा!

नेमका त्याच सुमाराला प्रोजेक्टचा मोसम येतो. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक पोराला काहीतरी शोधून काढावं लागतं. शोध लावायला माणसं लागतात. आणि माणसं फुकट कुठे बसलेली सापडतात? कॅन्टीनमध्ये.

पहिली आली मानसशास्त्राची मृण्मयी.

"काकू, फक्त ताटं बदलायची. लहान ताटात लोक कमी जेवतात का, ते बघायचंय. ताटं मीच आणते."

"बरं."

"आणि प्लीज, कोणाला सांगू नका हं."

"का गं?"

"आपल्याकडे कोणी बघतंय हे कळलं की माणूस वेगळा वागतो. मग रिझल्ट बिघडतो."

मला पटलं. कोणी बघत उभं राहिलं की माझीही पोळी वाकडी होते.

मग आला अन्नतंत्राचा रोहित. "मावशी, भाजीत रोज थोडं थोडं मीठ कमी करायचं. हळूहळू केलं तर लोकांना कळत नाही, असं माझं म्हणणं आहे. टेबलावरचं मीठ पण उचला. फक्त कोणाला बोलू नका." मग संगीत विभागाचा तन्मय कोपऱ्यात स्पीकर ठेवून गेला. संथ गाणं लावलं की माणूस सावकाश जेवतो का, हा त्याचा प्रश्न. शेवटी पर्यावरणाची अर्पिता. तिला ताटात टाकलेलं अन्न रोज मोजायचं होतं. तिने मागे वजनकाटा मांडला. दोघांनीही जाताना ओठांवर बोट ठेवलं.

ताट वेगळं, मीठ वेगळं, गाणं वेगळं, उष्टं वेगळं, असं माझ्या डोक्यात होतं. जेवणारा एकच आहे, हे लक्षातच आलं नाही.

झालं असं की लहान ताटामुळे पोरं दोन-दोनदा वाढून घ्यायला येऊ लागली. रांग वाढली. अळणी भाजी पोरं टाकू लागली. रोहितचं म्हणणं काहीही असो, लोकांना पहिल्याच घासाला कळत होतं. आणि त्या गाण्यामुळे कोणी उठेना. आमच्या धंद्यात याला टेबल फिरणं म्हणतात: एक उठला की दुसरा बसला पाहिजे. दुपारी टेबल फिरलं नाही की कॅन्टीन बुडालंच म्हणून समजा.

अर्पिता मात्र खूश. "काकू, उष्टं रोज वाढतंय! काय भारी डेटा मिळतोय!"

मला ती बादली तिच्या डोक्यावर पालथी घालावीशी वाटली. पण म्हणाले, "हो का? चहा घेतेस?"

मग तक्रार गेली. ताटं लहान केली, जेवण बेचव, बसायला जागा नाही, वर रडकं संगीत. कमिटीच्या मॅडमनी बोलावून घेतलं.

"सुनंदाताई, इतकी वर्षं एक तक्रार नव्हती. अचानक काय झालं?"

"बघते मॅडम."

"बघते म्हणजे? शुक्रवारी मीटिंग आहे. तुमचं रिन्यूअल त्याच दिवशी आहे. तोपर्यंत कारण द्या, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

कारण माझ्याकडे एक सोडून चार होती. मी पोरांच्या मागे लागले. बंद करा रे, माझं कॉन्ट्रॅक्ट जातंय. प्रत्येकाचं उत्तर एकच. "काकू, अजून थोडे दिवस! नाहीतर सॅम्पल कमी पडतं." सॅम्पल म्हणजे नमुना. इथे नमुना म्हणजे माझं गिऱ्हाईक. मग कमिटीला सांगू का, विचारलं, तर सगळ्यांचे चेहरे उतरले. कमिटीची परवानगी कोणीच घेतली नव्हती. गाइडला, म्हणजे प्रोजेक्ट बघणाऱ्या शिक्षकाला, कळलं तर काही खरं नाही, म्हणाले.

आगाशे सर रोज एकच्या सुमारास येतात. खिडकीजवळची ठरलेली खुर्ची. कधी जास्त बोलत नाहीत. त्या दिवशी पहिला घास घेतला आणि मला हाक मारली.

"सुनंदाबाई, आपण मिठाला सोडलंत की मिठानं आपल्याला?"

मी पदराशी चाळा करत उभी राहिले.

"ताट लहान, भाजी अळणी, गाणं लांबलचक. एकाच आठवड्यात इतकं बदललं, याचा अर्थ एक तर हे कॅन्टीन बंद पडतंय, नाहीतर इथे कोणाचं तरी प्रोजेक्ट चाललंय. कुठलं ते सांगा."

"सर, मी शब्द दिलाय."

"म्हणजे प्रोजेक्ट. शब्द एकालाच दिलाय ना?"

मी खाली बघितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"किती जणांना?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रेखाने तेवढं बघितलं आणि लाटणं घेऊनच बाहेर आली. "सर, आमच्या ताईला काय बोलू नका. शुक्रवारच्या मीटिंगला कॉन्ट्रॅक्ट जातंय का काय म्हणून आधीच घाबरल्यात त्या."

"मी भाजीला बोलतोय," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "दिलेला शब्द मोडू नका. उद्या त्या सगळ्यांना याच वेळी जेवायला बोलवा आणि माझ्या टेबलावर बसवा. पुढे आपण एक अक्षरही बोलू नका."

दुसऱ्या दिवशी चौघे आले. एकमेकांना ओळखत नव्हते. मी चार लहान ताटं वाढली. स्पीकरवर गाणं चालू होतं. रोहितने घास घेतला आणि तन्मयला सहज म्हणाला, "बोअर म्युझिक आहे ना?"

"बोअर? माझा प्रोजेक्ट आहे तो!" तन्मयच्या तोंडून निघून गेलं. मग त्याने भाजी चाखली. "आणि हे काय, मीठच नाही!"

"ते... ते माझं आहे."

अर्पिता ताडकन उभी राहिली. "मीठ तू काढलंस? म्हणून उष्टं वाढलं? मी गाइडना सांगून बसले, पोरं बेफिकीर आहेत म्हणून!"

"एक मिनिट," मृण्मयी म्हणाली, "म्हणजे लोक कमी खात होते ते माझ्या ताटामुळे नाही? भाजी खराब होती म्हणून?"

मला 'खराब' हा शब्द लागला. पण सरांना शब्द दिला होता, म्हणून गप्प बसले. हा पाचवा शब्द.

सर शांतपणे जेवत होते. "प्रयोगात एक भाग असा ठेवतात की ज्याला हात लावायचा नाही. त्याला काय म्हणतात?"

"कंट्रोल," चौघेही पुटपुटले.

"या कॅन्टीनमध्ये हात न लावलेलं काय उरलंय? दाखवा मला."

रोहित म्हणाला, "सर, मग आमचं प्रोजेक्ट?"

"तुमचं प्रोजेक्ट गेलं. बाईंचं कॉन्ट्रॅक्ट जायचं बाकी आहे. शुक्रवारी मीटिंग आहे. यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी कोणाचं नाव सांगणार नाही. आणि बाई तर सांगायच्याच नाहीत, हे आत्तापर्यंत कळलं असेल."

शुक्रवारी मी कमिटीच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. आधी मृण्मयी आली, मग बाकीची. रोहित सगळ्यात शेवटी, धापा टाकत. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. दार बंद होतं. मॅडमचा आवाज मात्र दोनदा चढलेला ऐकू आला. नंतर मला आत बोलावलं.

"सुनंदाताई, एवढं सगळं होत होतं आणि तुम्ही गप्प?"

"रिझल्ट बिघडला असता म्हणाले, मॅडम."

मॅडमनी कपाळाला हात लावला. कॉन्ट्रॅक्ट मिळालं. अट एक: कॅन्टीनमध्ये कमिटीला विचारल्याशिवाय प्रोजेक्ट नाही. पोरांना मुदत वाढवून मिळाली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. या वेळी एकामागून एक, मध्ये साध्या जेवणाचे दिवस ठेवून. सगळ्यांच्या प्रोजेक्टमध्ये शेवटी आभार आहेत. गाइडचे, विभागाचे, आईवडिलांचे, मित्रांचे. अर्पिताने तर वजनकाट्याच्या दुकानदाराचेही मानलेत. माझं नाव कुठेच नाही. रेखाने विचारलं तर मृण्मयी म्हणाली, "अगं, कॅन्टीन कोणतं ते गुप्त ठेवायचं असतं." घ्या!

मी यातून एवढंच शिकले: गुपित एका वेळी एकाचंच ठेवावं. दुसऱ्याचं आलं की पहिल्याला उठवावं. टेबलाचा नियम गुपितालाही लागतो.

सरांचे आभार मानायला गेले तर म्हणाले, "आभार वगैरे नकोत. मला दुसरीकडचं पचत नाही आणि घरी स्वयंपाक करणारं कोणी नाही. मी माझ्या जेवणाची सोय केली." शनिवार पेठेत एकटेच राहतात. लवकरच रिटायर होणार आहेत. मग ती खिडकीजवळची खुर्ची रिकामी होईल, आणि ते काय जेवतील कोणास ठाऊक. ताटाचे पैसे त्यांनी आजवर एकदाही बुडवले नाहीत, मला एकदाही 'देऊ नका' म्हणू दिलं नाही. तरी मी एक दिवस त्यांच्या उपकाराची परतफेड करणार आहे. कशी, ते ठरवलंय. पण कोणाला सांगणार नाही. सध्या माझ्याकडे हे एकच गुपित आहे.