गेनबा बघायला आले

कुरुळी गावात आपण किती आजारी आहोत हे डॉक्टरांच्या आधी गेनबांच्या चपलांवरून कळतं. टायरच्या तळाच्या त्या जाड चपला जिन्यात वाजल्या की साध्या सर्दीचा माणूसही चादर गळ्यापर्यंत ओढून घेतो आणि घरातल्या बाया एकमेकींकडे बघतात. गेनबा उगाच येत नाहीत, अशी समजूत आहे. खरं तर ते उगाचच येतात.

त्यांची जमीन कंपन्यांसाठी गेली. जिथे हरभरा व्हायचा तिथे आता सायलेन्सर होतात. घरच्यांनी राहत्या जागेवर मजले चढवले, खोल्या काढल्या, भाडेकरू ठेवले. गेनबांना मात्र सकाळी उठून जायचं कुठे, हा प्रश्न उरला. शेतकऱ्याला रोज कशावर तरी वाकून बघायची सवय असते. पीक नाही म्हटल्यावर ते माणसांवर वाकू लागले.

पद्धत ठरलेली. पिशवीत शहाळं, बिस्किटाचा पुडा आणि म्हसोबाच्या अंगाऱ्याची पितळी डबी. आधी उशाशी बसून कपाळावर तळहात ठेवायचा आणि तो बराच वेळ ठेवायचा. मग शहाळं आपल्या हाताने पाजायचं. मग बोट जिभेला लावून ओलं करायचं, डबीत बुडवायचं, आजाऱ्याच्या कपाळावर एक रेघ ओढायची आणि बोटाला उरलेलं त्याच्या जिभेवर. शेवटी, असाच ताप येऊन गावातलं कोण कोण गेलं याची माहिती.

करोनात पोलिसांनी त्यांना दोनदा घरी आणून सोडलं होतं. त्यांना काही झालं नाही. तेव्हापासून 'मला काय व्हत न्हाई' हा त्यांचा सिद्धान्त, आणि ज्यांना त्यावर शंका काढता आली असती ते आता बोलू शकत नाहीत.

यंदा भादव्यात फ्लू आला. या भागात त्याला फार कष्ट पडत नाहीत. कामगारांच्या रूमवर एकाच गादीवर दोन शिफ्टची माणसं झोपतात. एक उठून गेला की दुसरा येतो, आणि गादी कधी थंड होत नाही. कंपनीच्या गेटवर कपाळाला ताप मोजायची बंदूक लावतात, म्हणून माणसं गोळी खाऊन गेटवर जातात. बंदूक समाधानी, साहेब समाधानी, आणि आत लाइनवर खोकला सुरू.

गावची आशा सेविका अनिता घरोघर फिरत होती. ती गेनबांच्या ओसरीवर आली तेव्हा घरात सगळे होते: बायको सरुबाई, नातू ऋतिक आणि त्याची बायको पुनम.

"पुनम, सातवा लागला ना तुला? आरोग्य केंद्रात फ्लूची लस आलीय. उद्या चल माझ्याबरोबर."

पुनमने ऋतिककडे बघितलं. ऋतिकने आजोबांकडे.

"गरवार बाईला सुई?" गेनबा म्हणाले. "न्हाई बाई."

"आजोबा, आजार वाढू नये म्हणूनच असते ती."

"त्याला मी हाय की. रोज सकाळी अंगारा लावतो तिला."

"तुम्ही आहात म्हणूनच म्हणतेय! गावभर तापाच्या माणसांच्या उशाला बसता आणि घरी येऊन हिच्या तोंडात बोट घालता. हात तरी धुता का?"

"म्हसोबाच्या डबीला हात लावायच्या आधी धुतो की."

"आणि माणसाला लावल्यावर?"

गेनबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नंतर कशाला?"

"त्यास्नी काय सांगतीस, अने," सरुबाई आतून म्हणाल्या. "लगीन झाल्यापासनं माझं ऐकलं न्हाई, तुझं काय ऐकत्यात!"

"बघू ना ताई," ऋतिक म्हणाला. "पुढच्या आठवड्यात."

कंपनीत ऋतिकच्या एका बटणावर अख्खी लाइन थांबते. आजोबांसमोर मात्र त्याला थांबवण्यासारखं कधी काही सापडलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात वरच्या खोलीतला भाडेकरू, नांदेडकडचा धम्मरत्न, तापाने पडला. त्याच्या सुपरवायझरने फोनवर विचारलं, "नुसता ताप आहे, की आजारी आहेस?" धम्मरत्न कामावर गेला नाही. गोळी खाऊन, कोमट पाणी पीत पडून राहिला. डबा पायरीवर ठेवायला सांगितला आणि दाराला आडवी दोरी बांधली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात चपला वाजल्या.

"हे काय रं? आमच्याच घरात दोरी बांधतोस?"

"बाबा, येऊ नका म्हणायलोय ना. ताप हाय मला. खाली ताई हायेत, लेकरू व्हणार हाय त्यांना."

"आन् तुला बघायला कोन हाय? आईबाप तिकडं नांदेडला. एकलं पडून ऱ्हायचं? आमच्यात असं नसतंय." गेनबा दोरीखालून वाकून आत गेले.

"मी अंगारा घेत नसतो, बाबा."

"नगं घेऊ. शहाळं तर पी."

धम्मरत्न अर्धा ग्लास प्यायला. उरलेलं गेनबांनी त्याच ग्लासातून संपवलं. टाकायची त्यांची रीत नव्हती, आणि उष्टं टाकल्याचा पोराने भलता अर्थ काढू नये असंही त्यांना वाटलं. त्यांच्या वयाच्या माणसांत कुरुळीत एवढं करणारे फार नाहीत. विषाणूला या चांगुलपणाची कल्पना नव्हती.

पुढे दोन-तीन दिवसांत गेनबांचा घसा खवखवू लागला. काकडी बाधली, असं ठरलं. सकाळचा अंगारा चुकला नाही. बोट जिभेला, डबीत, पुनमच्या कपाळावर, पुनमच्या जिभेवर. "सुखानं सुट गं बाय," ते नेहमीप्रमाणे म्हणाले आणि या वेळी मध्येच खोकले.

पुनमला ताप भरला तेव्हा घरात कुणी घाबरलं नाही. सरुबाईंनी काढा केला. "तीन दिसाचा ताप," गेनबा म्हणाले, "चौथ्या दिशी जातोय." तिसऱ्या दिवशी अनिता शेजारच्या वस्तीवर होती. ऋतिक कंपनीत होता आणि त्याचा फोन गेटवरच्या लॉकरमध्ये. चौथ्या दिवसाची वाट बघत घर शांत होतं. फक्त पुनमचा श्वास ऐकू येत होता, जो एरवी येत नसे.

धम्मरत्न आता बरा झाला होता. मास्क लावून पाणी भरायला खाली उतरला आणि अंगणातच थांबला.

"ताई, कसं हाय?"

"बरी आहे," पुनम म्हणाली, थांबली, "फक्त," पुन्हा थांबली.

"बाबा, ताईला बोलणं पुरं करता येईना. रिक्षा बोलवायलो मी."

"उद्या चौथा दिस..."

"उद्या नाही!" भाडेकरू घरमालकावर ओरडला. मग त्याने कंपनीच्या गेटला फोन लावला आणि गार्डला ऋतिकला बोलवायला लावलं.

दवाखान्यात डॉक्टर निरंजन यांनी आवाज चढवला नाही. तेच जास्त वाईट होतं. "पहिल्या दिवशी आणायचं. फ्लूच्या औषधाचा खरा उपयोग सुरुवातीला असतो. ऑक्सिजन लावलाय, बाळाचे ठोके आहेत. पण आता तिला वरून दुसरं कसलंही इन्फेक्शन झालं तर झेपणार नाही. जवळ एकच माणूस, मास्क लावून. बाकी कोणी नको." मग त्यांनी गेनबांच्या कपाळाला हात लावला. आजवर हे उलटं होत आलं होतं. "आजोबा, तुम्ही तर पहिले घरी जा. वेगळ्या खोलीत."

ऋतिक पुनमजवळ थांबला. घरी आल्यावर गेनबा वरच्या एका रिकाम्या खोलीत गेले. गोळ्या वेळेवर घेतल्या. धम्मरत्नकडून दोरी मागून घेतली आणि आपल्या हाताने दाराला बांधली. दार लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात चपला वाजल्या. एकाच्या नव्हे, बऱ्याच जणांच्या. आतून तो आवाज कसा वाटतो हे गेनबांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

"गेनबा! मी दादासाहेब!" हा त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. आवाज घोगरा होता, आणि नावापाठोपाठ एक शिंक आली. "दार का लावलंस राव?"

"माघारी जा! ताप हाय मला."

"तुला नंतर बघू. टेम्पो आनलाय, समदी आळी निघालीय. पुनमला बघाया चाललोय. चारला सोडत्यात आत."

"जाऊ नगा!" गेनबा उठून दाराशी आले. "डाक्टर म्हनलाय, कुनी न्हाई यायचं. तिला सोसायचं न्हाई!"

"डाक्टर म्हनतातच तसं. तूच म्हनायचास न्हवं?" बाहेर सगळे हसले. "पोर दवाखान्यात आन् आमी घरात बसायचं? आमच्यात असं नसतंय, गेनबा. डबी दिलीय वैनीनं. लावतो तिला अंगारा. काळजी करू नगंस."

गेनबांनी दार उघडलं नाही. उघडून तरी काय करणार. ते ज्याला हात लावतील त्याला ताप. त्यांनी दारावर मुठी आपटल्या, ओरडले, आणि ओरडता ओरडता खोकल्याची उबळ आली. खोकला थांबला तेव्हा चपला जिना उतरल्या होत्या आणि खाली टेम्पो सुरू झाला होता.

फोनवर ऋतिकचं नाव शोधून, पुन्हा पुन्हा लावून तो लागेपर्यंत टेम्पो दवाखान्याच्या दारात पोचला असेल.

"ऋतिक, दारात हुबा ऱ्हा. दादासाहेब येतोय, समदी येत्यात. कुनालाबी आत सोडू नगंस. म्हसोबाची आन हाय तुला. मी आलो तरी मला सोडू नगंस!"

"आजोबा," ऋतिक म्हणाला, "पण त्यांना नाही कसं म्हणू?"

नाही म्हणणं त्याला घरात कुणी शिकवलेलं नव्हतं. फोनमधून लिफ्टची घंटा ऐकू आली, मग कुणीतरी दाबून धरलेली शिंक, आणि मग फरशीवर ओळीने येणाऱ्या चपला.