कपाटाची मागची बाजू

कादरभाई कोणाच्याही घरी गेले की आधी कपाटाच्या मागे जायचे. लग्नघरी जात, मयतीला जात, तरी तेच. भिंत आणि कपाट यांच्या फटीत हात घालून तळवा फिरवायचे आणि मग खाली बसायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, "माणूस समोरून पाहाचा, लकडी मागून. समोरून तं सारेच नवरदेव असतेत."

घाटंजीत त्यांचं पॉलिशचं दुकान होतं. सागवानी पलंग, कपाटं, देव्हारे त्यांच्या हाताखालून जात. मग कापसाचे ते वाईट दिवस आले. माझे वडील जिनिंगमध्ये कापूस तोलणारे मापारी होते. जिनिंग बंद पडलं आणि काटा गंजू लागला. गावात पैसा कापसाचाच, मग तो कोणाच्याही खिशात असो. पण लग्नं थांबली नाहीत आणि आंदणातलं कपाटही थांबलं नाही. सागाच्या मुलखात लोकांना साग परवडेना. तेव्हा शहरातून खोक्यातली कपाटं येऊ लागली. भुशाच्या दाबलेल्या सुट्या फळ्या आणि स्क्रूची एक पुडी. घरी आणून जोडायची आणि वरून सागवानी रंगाचा स्टिकर चिकटवायचा. हे काम कादरभाईंकडे आलं.

पहिलं कपाट केलं त्या दिवशी ते जेवले नव्हते, असं त्यांची बायको, आमच्या भाभी, सांगायच्या. पुढे हात बसला. जुन्या स्वेटरची कापलेली बाही हातात चढवून ते स्टिकरवरून असा हात फिरवायचे, जसा तापलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा. एक फोड राहू द्यायचे नाहीत. रेषा अशा जुळवायचे की दार बंद केलं की झाड पुन्हा उभं राहायचं. मात्र मागची फळी कोरी सोडायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, मागेही लावून टाका की. "नाही," ते म्हणायचे. "पाठ खरीच राहू द्याची. ज्याले पाहाचं असंन तो पलटून पाहीन. मंग ते डिझाइन झालं. पाठ झाकली का धोका झाला."

वंदनाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न मुकुटबनला ठरलं. नवरदेवाचे मामा सगळ्या बोलण्यात पुढे. "लाकडातलं आमाले समजते," हे त्यांचं वाक्य. कपाट सागाचंच पाहिजे म्हणाले. वडिलांनी मान डोलावली आणि खोकं आणलं.

कादरभाईंनी कपाट आमच्या ओसरीत सजवलं. काम झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुधाकरभाऊ, पोराकडच्याइले सांगून टाकजा, स्टिकर हाय म्हणून. गरिबीची कायची शरम?" मी म्हटलं, सांगतो. मग म्हटलं, पण मागेही लावा ना, मामा पलटून पाहणारा माणूस आहे. त्यांनी बाही काढून खिशात कोंबली. "मंग तं नाहीच लावत."

उरलेला रोल तिथेच होता. ते गेल्यावर मी कपाट भिंतीपासून ओढलं आणि मागची फळी स्वतः झाकली. वडील दारात उभे होते. 

लग्नात आंदण मांडवात मांडलं होतं. मामांनी कपाट फिरवायला लावलं, पाठीवर टिचकी मारली, एक कोपरा उचलून पाहिला. "वजनदार हाय," ते चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सागच." भुशाची फळी सागापेक्षा जड असते, हे त्यांना माहीत नव्हतं. कादरभाई जेवायला आले होते. ते सवयीने कपाटाच्या मागे गेले. परत आले तेव्हा माझ्यापाशी थांबून एवढंच म्हणाले, "बुलबुले रह गए, भाऊ." पंगतीला बसले नाहीत.

मुकुटबनच्या घराची भिंत ओली होती. दिवाळीआधीच मी लावलेला स्टिकर सुटला, पाणी भुशात शिरलं आणि कपाट फुगलं. एका सकाळी आमच्या दारात ट्रॅक्टर उभा राहिला. ट्रॉलीत कपाट होतं आणि त्याला टेकून, पदर ओढून, वंदना बसली होती.

"दोन्ही वापस घ्या," मामा म्हणाले. "नाही तं सांगा, आमाले चुत्या कोणं बनवलं?"

आळी जमली. वडील माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "आम्ही कादरभाईले सागच सांगितला होता. आमालेही आजच समजून राह्यलं."

इतक्या सहज बोललो की मलाच खरं वाटलं.

कादरभाईंना बोलावणं गेलं. ते आले तेव्हा बाही हातातच होती, अर्धं काम टाकून आले असणार. मामांनी विचारलं, "हे तूच चिकटवलं काय?" त्यांनी कपाटाच्या पाठीवरून तळवा फिरवला. फोड होते तिथे बोटं थांबली. ते माझ्याकडे पाहतील म्हणून मी मान खाली घातली, पण ते ट्रॉलीतल्या वंदनाकडे पाहत होते.

"हो," ते म्हणाले. "माहंच काम हाय."

मामांनी त्यांच्या थोबाडीत मारली. गर्दीतून कोणीतरी त्यांच्या जातीवर बोललं, 'हे लोक असेच' वगैरे. मी तेही ऐकून घेतलं. कपाट आमच्या अंगणात उतरवून मंडळी वंदनाला घेऊन परत गेली. पुढे वडिलांनी ते फोडून चुलीत घातलं. धड जळलंही नाही, नुसता धूर.

त्यानंतर लग्नाचं काम कादरभाईंना कोणी दिलं नाही. दुकान गेलं. बोरी अरबच्या बाजारात ते छत्र्या आणि स्टोव्ह दुरुस्त करायला बसू लागले. तिथेच मला ते कितीतरी वर्षांनी भेटले. आधी विचारलं, "वंदनाबाई नांदून राह्यली ना?" मी हो म्हटलं. दोन लेकरं आहेत म्हटलं. मग, कादरभाई, त्या दिवशी मी, असं काही सुरू केलं. त्यांनी स्टोव्हची पिन वर करून मला थांबवलं.

"नको. आता बोलशीन तं तुले हलकं वाटन. मले काय भेटन?"

आणि पिन मारत बसले.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. त्यांच्या घरी गेलो तेव्हा भाभी एकट्याच होत्या. मला पाहून त्यांनी पदर सावरला आणि हात जोडले. मला कळेना, हात कशाला.

"सुधाकरभाऊ, माफ करा," त्या म्हणाल्या. "जिंदगीत एकच खोटं काम केलं त्याइनं, अन् तेही तुमच्या घरी. ते मरेपर्यंत मी त्याइले ऐकवत राह्यली. पोरीच्या आंदणात धोका करते काय, म्हणून. रोटी वाढता वाढता ऐकवली. ते कधी उलटून बोलले नाहीत."

आत चहाचं दूध ठेवलं होतं. समोर त्यांचं एक कपाट होतं, भिंतीपासून जरा सुटं. त्याची मागची फळी कोरी दिसत होती.

मी म्हणालो, "भाभी, ती पाठ मी झाकली होती."

त्यांनी जोडलेले हात सोडले. मग अगदी हळू, जणू मी तिथे नव्हतोच, म्हणाल्या, "मंग मले काहून नाही सांगितलं त्याइनं? मी का कोणाले सांगत होती?"

वंदनासाठी, असं मी म्हणू शकलो असतो. बाईच्या तोंडून आळीत, आळीतून मुकुटबनला, हा हिशेब कादरभाईंनी केला असेल. मी म्हणालो नाही.

आत दूध उतू गेलं. जळाल्याचा वास आला. त्या उठल्या नाहीत. मला जा असंही कोणी म्हटलं नाही. मीच उठलो.