मंगोलियाच्या पडद्यावरची पोर

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. मी कोल्हापुरात सिनेमाच्या शूटिंगला मागं लावायचे देखाव्याचे पडदे रंगवायचो. एका स्टुडिओनं मंगोलियातल्या भटक्यांचं वाळवंट मागितलं, चाळीस फुटी. नमुना म्हणून विलायती मासिकाचं फाटकं पान दिलं. त्यावर लोकरीचे गोल तंबू, दोन वशिंडांचे उंट, आणि माणसं मुंगीएवढी! आता मंगोल माणूस मी बघितलाय कुठं? वही उचलली आणि कागलच्या माळावर धनगरांचा तळ पडला होता तिकडं गेलो. घोंगडी, मेंढरं, उघडं आभाळ. आणखी काय हवं होतं?

पालापुढं एक बाई तापानं फणफणलेली पोर मांडीवर घेऊन बसली होती. पोर चारेक वर्षांची. बाई म्हणाली, "पावणं, हिला काढा की. हिचा फोटू न्हाय आमच्याकडं."

मी काढली. तिनं वहीत बघितलं. "ऱ्हाईल न्हवं हे?"

"कापडावर मोठी काढणार हाय, बाई. ऱ्हाईल की! स्टुडिओत बघायला या."

ते पान फाडून तिला द्यायला काय झालं होतं मला? पण कामाला लागणार होतं. पुढं ते रंगानं बरबटलं आणि गेलं.

पडद्यावर तंबूच्या दारात ती पोर बसवली. सगळे म्हणाले, अगदी मंगोल! चार दिवसांत शूटिंग उरकलं. सरसात कालवलेला रंग पाण्यानं सुटतो, म्हणून काम झालं की पडदा धुवायचा आणि त्याच कापडावर पुढचा देखावा काढायचा, ही आमची रीत. मीच धुतला, तुडवून तुडवून. पोरीची आठवणसुद्धा झाली नाही. खोटं कशाला बोलू?

दिवाळीनंतर ती बाई स्टुडिओच्या दारात उभी. एकटीच. पोर गडहिंग्लजच्या वाटेवर गेली, तिथंच पुरली म्हणाली. "दावा की, पावणं."

पडद्यावर तेव्हा राजवाड्याची बाग होती. ती कारंज्यापाशी शोधत राहिली, मोरांच्या मागं शोधत राहिली. "कुठं हाय?"

शेवटी सांगून टाकलं, धुतला म्हणून. वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

ती एवढंच म्हणाली, "कुठल्या पाण्यात?"

"रंकाळा तळ्यात."

तिनं वाट विचारली. मी हात करून दाखवली. सोबत गेलो नाही.